वहिवाटदारांचे पथ्य

आमच्या कुत्र्याचे नाव कागदोपत्री मोत्या असे आहे. परंतु दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत त्याला त्या नावाने हाक मारणारा इसम आता शोधूनही सापडावयाचा नाही. तो जेमतेम वर्षाचा असताना माझ्या चुलत्यांनी, ज्यांचे वडील हुजूर कचेरीत कारकून होते आणि ज्यांच्या लेखी बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले ही अद्याप रुजवात न झालेली एक अफवा होती, त्याची दिनचर्या आठ दिवस ओट्यावर बसून न्याहाळली आणि असा निकाल दिला की, सकाळी साडेसहाला घरून निघून, गल्लीतल्या सात घरांच्या उंबरठ्यांवर क्रमाने हजर होऊन, प्रत्येक घरचा ठरलेला ऐवज ठरलेल्या वेळी वसूल करून, एकाही घराला सूट न देता आणि एकाही घरी दुसऱ्यांदा तगादा न लावता जो प्राणी दहाच्या आत परत येतो, त्याला कुत्रा म्हणणे हा जमाबंदी खात्याचा अपमान होय. गायकवाडीत जिल्ह्याचा अंमलदार तो सुभा आणि तालुक्याचा तो वहिवाटदार. तेव्हापासून मोत्याचे वहिवाटदार झाले आणि त्यांच्याविषयी आदरार्थी बहुवचनात बोलण्याचा जो शिरस्ता आमच्या घरात पडला, तो मी येथेही मोडणार नाही.

वसुलीचा तपशील सांगावयाचा तर पहिल्या घरी तूप लावलेली भाखरी, दुसऱ्या घरी चहात बुडवलेली दोन बिस्किटे, तिसरे घर आपल्यापैकी, म्हणून तेथे आदल्या रात्रीची पोळी गुळात कुसकरून. मधल्या घरांची देणी ऋतुमानाप्रमाणे बदलत, आणि सातवे घर समोरच्या बांचे. बा म्हणजे सारी गल्ली जिला बा म्हणते अशी एक वयोवृद्ध गुजराती माउली. त्यांच्या घरची सुखडी तव्यावरून, नव्हे थाळीतून उतरण्यापूर्वीच वहिवाटदारांचा वाटा वेगळा काढलेला असे. यात बांचा काही विशेष अपराध होता असे म्हणवत नाही. ज्या शहरात वरणातदेखील गूळ पडतो त्या शहरात कुत्र्याला गोड घालणे हा लाड समजला जात नाही, धर्म समजला जातो. थंडीत, उत्तरायणाच्या सुमारास, येथील पोळांतून, म्हणजे जुन्या गल्ल्यांतून, कुत्र्यांसाठी म्हणून गव्हाच्या पिठाचे गूळ घातलेले लाडू वळले जातात; एखादी कुत्री व्याली की पोरे घरोघर हिंडून पीठ, गूळ, तेल गोळा करतात आणि तीन विटांची चूल मांडून त्या बाळंतिणीसाठी शिरा शिजवतात. आपल्याकडच्या कित्येक सुना बाळंतपणात डिंकाचे लाडू मिळाले नाहीत म्हणून जन्मभर सासूच्या नावाने बोटे मोडतात. बडोद्याच्या भटक्या कुत्रीला तशी तक्रार करण्यास जागा ठेवलेली नाही.

अशा या सुभिक्षात आठ वर्षे अंमल गाजवल्यानंतर नवव्या वर्षी वहिवाटदारांना तहान लागू लागली. पाण्याचे भांडे ते दिवसातून चार वेळा कोरडे करीत. रात्री दोनदा दार उघडण्याचा हुकूम फर्मावीत. खाणे पूर्वीपेक्षा वाढलेले, आणि वजन मात्र बावीस किलोंवरून सतरावर उतरलेले. ज्याला स्वतःला बारा वर्षे मधुमेह आहे अशा गृहस्थाला, म्हणजे मला, या चार लक्षणांवरून निदान सुचावयास हरकत नव्हती. पण स्वतःच्या रोगाकडे कानाडोळा करण्याची सवय एकदा अंगी मुरली की दुसऱ्याचा तोच रोगही दिसेनासा होतो. अखेर दाराजवळच्या आसोपालवाच्या बुंध्याशी, जेथे वहिवाटदार आपली सकाळची सही करीत, मुंग्यांची एक लांबलचक रांग लागलेली सौभाग्यवतींनी पाहिली. मूत्राला मुंग्या लागणे ही प्रमेहाची खूण आमच्या प्राचीन वैद्यांनी नोंदवून ठेवली आहे. त्यांनी ती माणसांपुरती नोंदवली, मुंग्यांनी तसा भेद केला नाही.

डॉक्टर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, तरुण आणि मितभाषी. त्यांनी रक्ताचा थेंब काढला, यंत्रात घातला आणि आकडा माझ्यापुढे धरला : चारशे तीस. कुत्र्यांचीही उपाशीपोटी साखर साधारणपणे शंभराच्या आसपास, आपल्यासारखीच असते, हे कळल्यावर माझ्या मनात प्रथम जी भावना उद्भवली ती करुणेची नव्हती. बारा वर्षे घरातला उच्चांक माझ्या नावावर होता.

“काका, खायला काय देता?” डॉक्टरांनी विचारले. मी सातही घरांची कैफियत क्रमवार सांगू लागलो. चौथ्या घरापाशी त्यांनी लेखणी खाली ठेवली.

माझ्या गोळ्यांतली अर्धी रोज वहिवाटदारांना द्यावी, म्हणजे एकाच खर्चात दोघांचे भागेल, ही माझी तजवीज त्यांनी फेटाळली. माणसाला उतारवयात होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन शरीरात बरेचदा असते, पण ते नीट लागू पडत नाही, म्हणून गोळ्यांनी काही काळ निभावते. कुत्र्यांत बहुतेक वेळा स्वादुपिंड इन्सुलिन बनवण्याचे कामच सोडून देते, तेव्हा तेथे सुईवाचून गत्यंतर नाही. दिवसातून दोन वेळा, बरोबर बारा तासांच्या अंतराने, आणि जन्मभर. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी तेव्हापासून गल्लीत निदान पन्नास वेळा सांगितली असेन. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, त्याला मधुमेह झाला, आणि या रोगाचे मूळ कोठे आहे हे जगाला तेव्हा उमगले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचे प्रयोग केले तेही कुत्र्यांवरच. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते टोचले गेले ते त्यानंतर. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले, बेस्टला वगळले म्हणून बँटिंगने आपल्या रकमेचा अर्धा हिस्सा त्याला दिला; श्वानकुलाचा हिस्सा मात्र कोणी काढला नाही. तेव्हा वहिवाटदारांना इन्सुलिन देणे हा औषधोपचार समजू नका, ही थकलेल्या कर्जाची फेड आहे, असे मी बांना समजावले. बांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते कुत्रे शेवटी जगले का?” या प्रश्नाचे उत्तर मी टाळले.

घरी आल्यावर नवी राज्यघटना अमलात आली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी दोन जेवणे. दोन्ही वजनाने समान, जिन्नसाने समान, आणि मध्ये काही नाही. उकडलेली कोंबडी, कातडी व चरबी काढून; लाल भोपळा, दुधी, फरसबी, थोडी डाळ, आणि चोथा राहावा म्हणून कोंडा. साखर रक्तात हळूहळू उतरावी आणि सुईच्या अमलाशी तिचा मेळ बसावा, हे त्यामागचे तत्त्व. आमच्या स्वयंपाकघरात चार पिढ्यांत अंडेही शिजलेले नव्हते. त्यामुळे कोंबडीसाठी गच्चीच्या जिन्याखाली एक निराळी शेगडी, निराळे पातेले आणि निराळी पळी असे परराष्ट्र खाते उघडावे लागले, जेथे सौभाग्यवती नाकाला पदर लावून दोन वेळा जातात आणि परत येताना, मला जमले नसते इतक्या निगुतीने मऊ मांसाचे एक एक पेर तोडून, हाडे निवडून आणलेले असते. भोपळा आणि दुधी मी खंडेराव मार्केटातून आणतो. १९०६ साली बांधलेल्या त्या देखण्या इमारतीत भाजीवाल्यांशी दुधीच्या कोवळेपणाविषयी हुज्जत घालताना आपण हे कोणाच्या जेवणासाठी करीत आहो हे सांगण्याचा मोह मी आवरतो, कारण एकदा सांगितले तेव्हा त्या बाईने दुधीबरोबर एक केळेही फुकट दिले होते, “एना माटे.”

सुईची कला मी एका आठवड्यात शिकलो. कुपी हलवावयाची नाही, तळहातांत हलकेच फिरवावयाची; आपल्याकडे चाळीस युनिटांच्या कुपीसाठी लाल टोपणाची सुई असते आणि शंभराच्या कुपीसाठी नारिंगी, त्यांची अदलाबदल झाली तर हिशेबात थेट अडीच पटीची अफरातफर होते; आणि मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरून टोचले तर रुग्णाला कळतही नाही. खरोखरच कळत नाही. मला स्वतःला रक्त तपासताना बोट टोचले तरी मी जो आवाज काढतो तो पलीकडच्या गल्लीत जातो. वहिवाटदार मात्र थाळीतला शेवटचा भोपळा चाटता चाटता टोचून घेतात. अडचण वेगळीच होती. आधी जेवण आणि मग सुई, हा क्रम उलटला आणि पोटात अन्न नसताना सुई गेली तर साखर एकदम उतरून प्राणावर बेतावयाचे. त्यामुळे दिवसातील साडेतेवीस तास ज्या प्राण्याला कोणी खाऊ घालू नये म्हणून मी गल्लीभर पहारा ठेवतो, त्यालाच उरलेला अर्धा तास, “घ्या हो, एवढा घास घ्या,” अशी मिनतवारी करीत मी जमिनीवर बसलेला असतो; आणि त्याच वेळी दाराची कडी वाजते.

माणसाने पथ्य सांगून पेढा नाकारला, तर आग्रह करणाराला एक मर्यादा असते. नकार देणाराही तोच आणि तोंड मिटणाराही तोच, म्हणून त्या नकाराला काही वजन येते. कुत्र्याच्या वतीने नकार देणाराची स्थिती मात्र त्या वकिलासारखी होते, जो कोर्टापुढे आशिलाची बाजू हिरिरीने मांडत आहे आणि मागे आशील स्वतः उभा राहून गुन्हा कबूल करीत आहे. मी म्हणावे, “बा, त्यांना चालत नाही”. आणि वहिवाटदारांनी शेपटी हलवून, मान वाकडी करून, जिभेने ओठ पुसून जाहीर करावे की चालते, उत्तम चालते, हा गृहस्थ कोण हे मला ठाऊक नाही. “अरे भाई, आटलुं अमथुं!” बा म्हणत, “एने शी खबर डायाबिटीस एटले शुं?” ज्या रोगाची रोग्याला खबर नाही तो रोग त्याला होऊच कसा शकतो, हा युक्तिवाद वेदान्ताच्या इतका निकट जाणारा आहे की मला त्याचे खंडन आजवर करता आलेले नाही.

यावर जाहीरनामा काढावा असे मी ठरवले. आमच्या घरात १९३१ साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ या ग्रंथाची एक प्रत आहे. राज्यकारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी इत्यादी भाषांत कोणते प्रतिशब्द योजावेत हे सयाजीराव महाराजांनी पंडितांकडून त्यात ठरवून घेतले. ज्या राजाने १९०६ पासून सगळ्या राज्यात मुलांना शाळेत घालणे सक्तीचे केले आणि न घालणाऱ्या बापाला दंड ठेवला, त्याच्या प्रजेला एका फलकाने आवरता येईल असा माझा अंदाज. कल्पतरु पुढे घेऊन मी दोन तास खपलो आणि वहिवाटदारांच्या गळ्यातील पट्ट्याला दोन्ही भाषांत एक पाटी अडकवली : “प्रस्तुत श्वानास मधुमेह असल्याकारणे मिष्टान्न देण्याची सक्त मनाई आहे.” पहिल्याच दिवशी वहिवाटदार साडेदहाला परतले तेव्हा त्यांच्या मिशांना बेसन लागलेले होते. मिष्टान्न मना असल्याचे लोकांनी काळजीपूर्वक वाचले होते, आणि बिचाऱ्याच्या तोंडाला काही चव राहावी म्हणून चार घरांनी गाठिया आणि एका घराने बडोद्याचा प्रसिद्ध लीलो चेवडो दिला होता, ज्यात बेदाणे असतात. आणि बेदाणा व द्राक्ष ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासमान आहेत, हे कळल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या आवृत्तीत “मिष्टान्न अगर फरसाण” अशी दुरुस्ती झाली. तेव्हा दूध-पाव आला. तिसऱ्या आवृत्तीत “काहीही” हा शब्द पडला. त्यावर एका सुशिक्षित शेजाऱ्यांनी, हा मजकूर जुन्या वस्तूंना लागू असेल, नवी सोय मी केली आहे, असे म्हणून ‘शुगर-फ्री’ च्युइंग गमची पुडी पुढे केली. त्यांच्या हातून ती मी हिसकावून घेतली, आणि हे वाचणाऱ्यांसाठी विनोद बाजूला ठेवून सांगतो की, अशा काही पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो माणसाला निरुपद्रवी आणि कुत्र्याला जीवघेणा.

नामदेव महाराजांची कथा सर्वश्रुत आहे : कुत्र्याने पोळी पळवली, आणि देवा, कोरडी खाऊ नको, म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. रावपुऱ्याच्या भर रस्त्यात, सकाळी आठ वाजता, कुत्र्याच्या तोंडातली पोळी ओढून काढण्यासाठी धोतराचा सोगा सावरीत त्याच्या मागे धावणारा वृद्ध ब्राह्मण ज्यांनी पाहिला, त्यांना तो कोणत्या संताचा अवतार वाटला असेल याचा मी विचार करीत नाही.

पितृपक्षात आणखी एक पेच पडला. श्राद्धात गाय, कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढावा लागतो, आणि त्या घासात खीर असते. चार पिढ्यांचे पितर एकीकडे, आणंदचे डॉक्टर दुसरीकडे. गुरुजींनी मसलत दिली की भाव महत्त्वाचा, तेव्हा घरच्याऐवजी बाहेरच्या कुत्र्याला घास द्यावा. तसे केले. वहिवाटदार खिडकीतून पाहत होते. गुरुजींनी स्वतः खिरीची तिसरी वाटी मागून घेतली आणि वर कमंडलूतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. तीच माझी गोळी, त्याच कंपनीची.

या सर्व काळात मी काय खात होतो, हा प्रश्न चाणाक्ष वाचकाच्या मनात आला असेल. सौभाग्यवतींच्याही आला. घरात एक मधुमेही घड्याळाच्या काट्यावर जेवून सुधारत आहे आणि दुसरा तेवढ्याच छपराखाली बिघडत आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आणि एका संध्याकाळी दुधी नि भोपळा दोन ताटांत पडला, एक खाली आणि एक पाटावर. गुळाचा डबा, साखर आणि मधाची बाटली कपाटात गेली आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मध मात्र डॉक्टरांच्याच आज्ञेने घरात होता : साखर फार उतरून कुत्रा लटपटू लागला तर मध अगर साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळावा, घशात ओतू नये, आणि लगेच त्यांना कळवावे.

तो प्रसंग नेमका उत्तरायणाला आला. १४ जानेवारीस बडोदे जमिनीवर नसते. सारे शहर गच्च्यांवर असते. वहिवाटदारांनी सकाळी सातला नेहमीप्रमाणे जेवण आणि सुई घेतली, आणि नंतर “काप्यो छे!” या प्रत्येक आरोळीला गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत, भुंकत, तुटलेल्या मांजाचा पाठलाग करीत पाच तास काढले. श्रमाने साखर उतरते हे मला ठाऊक होते. पण माझा स्वतःचा पतंग त्या वेळी वर होता. साडेबाराला ते एकदम थांबले, मागचे पाय फाकले, आणि दारू प्यायल्यासारखे भिंतीला टेकले. मी त्यांना उचलून खाली धावलो. कपाटाला कुलूप, किल्ली सौभाग्यवतींच्या कमरेला, सौभाग्यवती चार घरे पलीकडच्या गच्चीवर उंधियूच्या पंगतीत, आणि लाउडस्पीकरांच्या गदारोळात माझी हाक उंबऱ्याबाहेरही जाईना. समोरून बांनी मात्र पाहिले, आणि त्या वयात जिना उतरून, हातात सुखडीची वाटी घेऊन त्या आल्या. पण सुखडी चावावयाची कोणी?

तेव्हा मी पुस्तकांच्या कपाटापाशी गेलो, ‘शब्दकल्पतरु’ बाहेर काढला, त्याच्या मागे हात घातला आणि गुलकंदाची बरणी काढली. ती तेथे पित्तावर म्हणून होती. त्यातला पाक मी वहिवाटदारांच्या हिरड्यांना चोळला; पुन्हा चोळला; पाच मिनिटांनी, जी मला पाच वर्षे वाटली, त्यांनी जीभ फिरवली, डोळे उघडले आणि माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की हा जिन्नस घरात असताना मला भोपळा का. डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी थोडे जेवू घाला म्हणून सांगितले, आणि संध्याकाळच्या सुईविषयी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणाले. एवढ्यात सौभाग्यवती आल्या. बा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “हुं कहेती हती ने!” त्या गल्लीला उद्देशून म्हणाल्या, “गळ्युं ज काम आव्युं.” सौभाग्यवतींनी वहिवाटदारांच्या डोक्यावरून हात फिरवला, नाडी पाहावी तसे त्यांचे कान चाचपले, आणि मग बरणीकडे पाहून एकच प्रश्न विचारला, जो वाचकांना सांगण्याची गरज नाही.

याला आता दोन वर्षे होतील. बहुतेक मधुमेही कुत्र्यांना होतो तसा वहिवाटदारांना मोतीबिंदू झाला आहे. उजव्या डोळ्याने दिसत नाही, डाव्याने कामापुरते दिसते. वजन वीस किलोंवर स्थिर आहे. वसुली मात्र चालू आहे. वासाच्या आधाराने ते सातही उंबरठे बरोबर ओळखतात, प्रत्येक ठिकाणी बसतात, आणि घराघरांतून आता डॉक्टरांच्या संमतीने काकडीची एकेक चकती त्यांना मिळते. बांनी प्रथम ही काकडी म्हणजे अन्नाचा उपहास आहे असे मत दिले होते. हल्ली त्या ती सालासकट द्यावी की सोलून, यावर इतर घरांना मार्गदर्शन करतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वहिवाटदारांचे कागद पाहून समाधान व्यक्त केले, आणि मी भीत भीत माझेही पुढे सरकवले. ते आपल्या खात्याबाहेरचे आहेत, असे ते म्हणाले.

वाचकांपैकी कोणी दांडिया बाजारात आलेच, तर त्यांस एवढीच विनंती की, सकाळी किंवा संध्याकाळी सात ते सव्वासात आमच्या दाराची कडी वाजवू नये. वहिवाटदार समोर आल्यास त्यांना वंदन करावे, पण हात मोकळे ठेवावेत. आणि पिशवीत रावपुऱ्यातला पेढा अगर तत्सम काही असल्यास ते गुपचूप माझ्या हाती द्यावे. सौभाग्यवतींना कळवण्याचे कारण नाही.